बोल, काय भाव लावू?

दिगू, भांडण अर्धवट टाकून गेलास हे मला मुळीच पसंत पडलेलं नाही.

आपल्या मराठी समाजाच्या अंकात तुझ्यावर चार शब्द लिहून द्या म्हणून मंडळी घरी आली होती. तुझं घराणं धार संस्थानात कोणत्या हुद्द्यावर होतं, तू देवासला कधी आलास, शेअर दलालीच्या कचेरीत बसून किती जणांना बुडण्यापासून वाचवलंस, हे लिहायला दुसरे आहेत आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. मी म्हटलं, मला फक्त भांडता येतं. ते हसले. म्हणाले, "बबनराव, तेच लिहा, पण जरा गोड करून." गोड करून लिहिणार नाही. तुझ्याशी मी कधी गोड बोललो नाही. आता फोटोला हार घातलाय म्हणून सुरुवात करू काय?

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. तू माझ्या दुकानाची पायरी चढून यायचं आणि म्हणायचं, "बबन, त्या दिवशी तुझं ऐकायला हवं होतं." बस. दिवाळीनंतर आपलं वाजलं, तेव्हापासून मी त्या एका वाक्यासाठी अडून बसलो होतो. उन्हाळा आला आणि तूच गेलास. आता हे वाक्य मी कोणाकडून वसूल करू?

आपली पहिली भेट आठव. मी तेव्हा हातगाडीवर जुने पंखे आणि विजेच्या मोटारी विकायचो. कारखान्यांच्या भंगारातून उचलायचे, दुरुस्त करायचे आणि तोंडाला येईल तो भाव सांगायचा. तू धारहून नोकरीसाठी नवाच आलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्र. छताचा एक पंखा उलटासुलटा करून पाहिलास. मी शंभर सांगितले.

तू म्हणालास, "साठ. साठाच्या वर देणार नाही."

"भिया, साठात याची पातीसुद्धा येत नाही."

तू काही बोलला नाहीस. माझ्याच स्टुलावर बसलास. मी नव्वद म्हटलं, मग ऐंशी म्हटलं. लेकराबाळांची शपथ घातली, तेव्हा मला लेकरंबाळं नव्हती तरी घातली. टेकडीवरच्या देवीची घातली. तू वर्तमानपत्र उघडलंस आणि वाचायला लागलास. मी आयुष्यभर माणसांची तोंडं वाचून भाव केला आहे. भुवई हलली की दोन रुपये, पाऊल मागे गेलं की पाच. तुझ्या तोंडासमोर वर्तमानपत्र. वाचू काय? मागे दुसरी गिऱ्हाइकं येऊन परत जायला लागली. शेवटी मी ओरडलो, "अठ्ठावन्नला घेऊन जा, पण ऊठ!"

तू अठ्ठावन्न रुपये दिलेस आणि पंखा उचललास.

मी म्हटलं, "अरे, साठ म्हणाला होतास ना?"

"साठाच्या वर नाही, असं म्हटलं होतं. खाली आलं तर नको कशास म्हणू?"

'कशास'! धारला तुमच्या घरात अजून असंच बोलतात, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र असं वाटलं, की हा माणूस मला लुटतो आहे आणि वर व्याकरणही शिकवतो आहे. न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मी पहिल्यांदा हरलो होतो. दुसऱ्या दिवशी तुला शोधत आलो, ते भांडायलाच. तू चहा पाजलास. मग मैत्री झाली, पण भांडण काही संपलं नाही.

पुढे माझी हातगाडी गेली, दुकान आलं, मग औद्योगिक वसाहतीत गोदाम आलं. बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या लेथ, कॉम्प्रेसर, मोटारी मी घ्यायला लागलो. तू नोकरी सोडून कचोरीवाल्याच्या माडीवर शेअर दलालीची कचेरी थाटलीस. तो जिना चढताना हिंगाचा वास यायचा आणि वर तू, पांढऱ्या शर्टात, स्क्रीनसमोर. मी म्हटलं, माझेही थोडे पैसे यात घाल, पण भाव मी करणार.

"कोणाशी करणार?" तू विचारलंस.

"समोरच्याशी."

"समोर कोणी नाही, बबन. कोण घेतो, कोण विकतो, शेवटपर्यंत कळत नाही."

"मग भाव होतो कसा?"

"आपण बोलायचा आणि गप्प राहायचं."

"गप्प राहून कोणी धंदा केलाय का आजवर?"

"मी पंखा घेतला होता," तू म्हणालास.

मग तू मला लिमिट ऑर्डर समजावलीस. विकायचं असेल तर ज्याच्या खाली द्यायचं नाही तो भाव लावून ठेवायचा. तेवढा किंवा त्याहून जास्त देणारा आला तर सौदा, नाही आला तर माल आपल्या घरी. घ्यायचं असेल तर ज्याच्या वर द्यायचं नाही तो भाव लावायचा. स्वस्त मिळालं तर उत्तमच. याच्या उलट दुसरी तऱ्हा, बाजारभावाची. तिथे म्हणायचं, जो मिळेल तो भाव, पण आत्ता सौदा कर. "एकात भाव पक्का, सौदा कच्चा. दुसऱ्यात सौदा पक्का, भाव कच्चा," तू म्हणालास.

"मला दोन्ही पक्कं हवं."

"मग टेकडीवर जाऊन देवीस माग. इथे मिळत नाही."

माझं आणि तुझ्या लिमिटचं कधी पटलंच नाही. माझा हात स्वस्थ बसायचा नाही. सकाळी एक भाव लावला की तासाभरानं मी फोन करायचो, एक रुपया खाली कर. मग पुन्हा, पन्नास पैसे वर कर. तू वैतागायचास. म्हणायचास, एकाच भावाला बरेच जण उभे असतात, त्यांत जो आधी आला त्याचा नंबर आधी लागतो. भाव हलवला की आपला नंबर गेला, परत मागून रांगेत उभं राहावं लागतं. मी म्हणायचो, मी कुठल्याच रांगेत उभा राहिलेलो नाही, मी आपलं सगळं आयुष्य पुढे घुसून कमावलं आहे. तू म्हणायचास, "दिसतंच आहे."

आणि ही ऑर्डर एका दिवसाची असायची. साडेतीनला बाजार मिटला की झाली नाही ती आपोआप रद्द. दुसऱ्या दिवशी नव्यानं लावायची. जास्त दिवस उभी राहणारी ऑर्डरही असते म्हणे, पण तुला ती आवडत नसे. माणसाचं मन रात्रीत बदलतं, सकाळी पुन्हा विचारलेलं बरं, असं तुझं म्हणणं. मला न विचारता तू कधीही ऑर्डर लावली नाहीस. "माल तुझा आहे, तोंड तुझंच हवं." म्हणून रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी तुझा फोन यायचा, "बोल, काय भाव लावू?"

मी भाव सांगायचो. मग खरा फोन सुरू व्हायचा. सोनकच्छच्या डाळमिलची मोटर मिळाली का, असं तू विचारायचास. मी म्हणायचो, तो मालक मोटर विकतोय की मुलगी देतोय कळत नाही, इतके नखरे आहेत. मी वहिनींच्या गुडघ्याचं विचारायचो. तू धारच्या थोरल्या बंधूंच्या तक्रारी सांगायचास. समोर कोणी नसलेल्या त्या बाजारापेक्षा माझ्याशीच तू जास्त बोलायचास. माझी बायको म्हणायची, यांचा भाव ठरेपर्यंत पोळ्या गार होतात.

आता त्या दिवसाचं बोलू.

गिअर बनवणारी ती छोटी कंपनी. जुने लेथ घ्यायला मी तिच्या फाटकावर गेलो होतो, तर बाहेर मालाच्या गाड्यांची रांग लागलेली. मी परत येऊन तुला म्हटलं, या कंपनीचे शेअर घे. तू नाक मुरडलंस, लहान कंपनी आहे, घेणारे-देणारे कमी आहेत. मी म्हटलं, मी भंगारवाला आहे, कारखाना जगणार की मरणार हे मला वासावरून कळतं. घेतलेस. भाव चढला. माझं नाक बरोबर होतं, हे तरी मान्य करशील?

दिवाळीनंतर माझ्या गोदामाला लागून असलेला गाळा विकायला निघाला. तो गाळा मला किती वर्षं हवा होता, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मालक म्हणाला, परवा सकाळी बयाणा आण, नाहीतर दुसरा तयार आहे. मी त्याच्या समोरूनच तुला फोन लावला. "ते गिअरचे सगळे शेअर आज विकून टाक. जो भाव मिळेल तो."

"घाईस कारण?"

"कारण मी सांगतोय! जो मिळेल तो, दिगू. ऐकतोयस ना?"

"बरं."

तू 'बरं' म्हणालास. त्या 'बरं'वर मी गाळेवाल्याच्या हातात हात दिला. माझ्या धंद्यात लिखापढी नंतर होते, आधी शब्द असतो.

बाजार मिटल्यावर तुझा फोन. "थोडे गेले. बाकीचे गेले नाहीत."

"गेले नाहीत म्हणजे?"

"लिमिट लावलं होतं. तेवढ्या मालास घेणारे आले नाहीत."

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. वर तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोरच तोंड सोडलं.

तू म्हणालास, "भाव नव्हता, बबन."

"होता! स्क्रीनवर होता! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला!"

"तो भाव तेवढ्या मालाचा नव्हता."

"माल कोणाचा? सांग ना सगळ्यांना, माल कोणाचा? तोंड तुझंच हवं, असं तूच म्हणायचास ना? मग आज माझं तोंड कुठे ठेवलंस? खुंटीला?"

तू पेनाचं टोपण काढलंस, लावलंस, पुन्हा काढलंस. मी म्हटलं, "गप्प काय बसलायस? पंखा घ्यायला आलायस काय?" खालून कचोरीवाला झारा हातात घेऊनच धावत वर आला. "क्या हुआ भिया, आग लग गई क्या?" मी म्हटलं, "हां, लग गई," आणि त्याला ढकलून खाली उतरलो.

गाळा गेला. एका ट्रकवाल्यानं घेतला. तो त्याच्या गाड्या माझ्या फाटकाला चिकटवून उभ्या करतो. रोज सकाळी माझा टेम्पो बाहेर काढायचा तर आधी त्याच्या क्लीनरला उठवावं लागतं, आणि तो दात घासत घासत येतो. दिगू, तुला विसरायची मला सोयच नाही. रोज हॉर्न वाजवून तुझी आठवण काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. मी उचलला नाही. चुकलेल्या माणसानं चालत यावं, माझं गोदाम काही तिकडे लांब गंधवानीला नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. एकदाच वाजायचा, पूर्ण वाजून थांबायचा. दुसऱ्यांदा कधी नाही. मी मनात म्हणायचो, वाज. जेवढा वाजशील तेवढं बरं. निदान तुला चुटपुट लागली आहे असं मी धरून चाललो होतो.

शनिवारी आला नाही, रविवारी आला नाही. सोमवारी आला. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? सुट्टीच्या दिवशी याला वाईट वाटत नाही."

ती पोळी उलटत म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी बाजार बंद असतो ना?"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उरलेले शेअर माझ्या खात्यात पडून होते. ते विकायचे तर रोज नवी ऑर्डर, आणि ऑर्डरला माझं तोंड हवं. म्हणजे तू माझी समजूत काढायला फोन करतच नव्हतास. तू भाव विचारत होतास! कचेरीत माझ्या अब्रूचा पंचनामा झाला आणि हा माणूस सकाळी उठून विचारतो आहे, बोल, काय भाव लावू?

मला खात्री करून घ्यायची होती. होळीला बाजार बंद होता. तुझा फोन नाही. पण आपल्या माळव्यात खरा रंग रंगपंचमीला, आणि मुंबईच्या बाजाराला रंगपंचमी ठाऊक नाही. त्या दिवशी देवासात एक दुकान उघडं नव्हतं. रस्त्यावर टँकरनं रंग उडत होता, ढोल वाजत होते, लोक ओळखू येत नव्हते. माझा मोबाइल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवला होता. गर्दीत तो थरथरला. पिशवीतून नाव दिसलं, दिगू.

मी तेव्हा तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी होतो. कचोरीवाल्याचं शटर बंद, वर तुझी खिडकी उघडी. खिडकीत तू, पांढऱ्याशुभ्र शर्टात, कानाला फोन लावून. सगळ्या शहरात पांढरा शर्ट घातलेला एकच माणूस. माझ्या मुठीत गुलाल होता. एक हाक मारली असती तर तू खाली पाहिलं असतंस. मी मारली नाही. का मारू? फोन भावासाठी होता. तू फोन ठेवलास, स्क्रीनकडे वळलास, आणि मी गुलाल शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडाला फासून पुढे गेलो. तो बिचारा म्हणाला, "वा भिया, इतने प्यार से!"

त्यानंतरही फोन येत राहिले. मला त्यांची सवय झाली होती. टेम्पो बाहेर काढायचा, क्लीनरला शिव्या द्यायच्या, तुझा फोन वाजू द्यायचा, मग दिवस सुरू. मे महिन्यात भाच्याचं लग्न धारला होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी मी मांडववाल्याशी पंख्यांवरून घासाघीस करत होतो. त्यानं मोडके पंखे आणले होते, आणि पंख्यांतलं मला शिकवत होता. ऐन रंगात फोन वाजला. तुझं नाव पाहिलं आणि तो गादीवर पालथा घातला. मांडववाला म्हणाला, "उठा लो साहब, जरूरी होगा." मी म्हटलं, "ये तो रोज का है. तू भाव बोल."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी देवासला गोदामात होतो. बाजार चालू, आणि तुझा फोन नाही. खरं सांगतो, मला राग आला. म्हटलं, कंटाळला शेवटी. एवढाच दम होता. बायकोला सांगणार होतो, बघ, हरला. तेवढ्यात फोन वाजला. कचोरीवाल्याचा होता.

"भिया, दिगू भिया चले गए."

"कहां?" मी विचारलं.

तिकडून त्याच्या रडण्याचा आवाज आला. मग कळलं.

पहाटे छातीत दुखलं, गाडी येईपर्यंत संपलं. एवढंच मला सांगितलं आणि एवढंच मी विचारलं. तुझ्या दारात गर्दी होती. सगळे मला वाट करून देत होते, कारण सगळ्यांना वाटत होतं बबन आणि दिगू म्हणजे एकच. आपलं वाजलंय हे तू कोणाला सांगितलंच नव्हतंस. ते तरी सांगायचंस! मला तिथं मित्राच्या जागी उभं केलं आणि माझ्या अंगात तर भांडण होतं. खांदा दिला. रागातच दिला.

तुझी कचेरी बंद झाली, म्हणून माझ्या धाकटीनं, रेणूनं, माझ्या मोबाइलवर शेअरचं ॲप घालून दिलं. ती बँकेत आहे, मराठी बोलते पण वाचताना अडखळते, आकड्यांत मात्र पक्की. गिअरचे ते उरलेले शेअर मला एकदाचे काढून टाकायचे होते. डोळ्यांसमोर नकोत. म्हटलं, विक.

"बाबा, मार्केट दबाऊं या लिमिट?"

"मार्केट. जो मिळेल तो. मी काही दिगू नाही."

तिनं अंगठा नेला आणि थांबली. "रुको, हे बघा आधी." स्क्रीनवर दोनशे दहा भाव दिसत होता. तिनं खाली सरकवून दाखवलं. दोनशे दहाला घेणारा एकच, आणि त्याला हवे होते मूठभर शेअर. त्याच्या खाली दोनशे आठला आणखी मूठभर. मग एकदम एकशे सत्त्याण्णव. मग एकशे नव्वद. त्याच्या खाली जवळजवळ कोणीच नाही.

"तुमचे इतके शेअर आहेत. मार्केट दाबलं तर पहिले थोडे दोनशे दहाला जाणार, फिर नीचे, फिर नीचे. जीने से लुढकोगे, बाबा."

तो भाव तेवढ्या मालाचा नव्हता.

मला कळलं, दिगू. कळायला वेळ लागला नाही, मी मूर्ख नाही. भंगाराच्या बाजारातही हेच असतं. एक मोटर विकायची तर भाव वेगळा, शंभर एकदम काढल्या तर त्याच मोटरला कुत्रं विचारत नाही. हे मला माहीत नव्हतं काय? तू फक्त म्हणायचं होतंस, "बबन, तुझ्या शंभर मोटारी आहेत आणि दारात गिऱ्हाईक एक." एवढ्यात मी समजलो असतो. निदान शिव्या देऊन समजलो असतो. तू म्हणालास 'बरं'. कचेरीत मी घसा फोडत होतो, तेव्हाही सांगता आलं असतं. तू पेनाचं टोपण लावत बसलास.

आणि समजून घे, तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. मला गाळा हवा होता. जिन्यावरून गडगडत गेलो असतो तरी बयाण्यापुरते हातात आले असते, आणि आज माझ्या फाटकासमोर ट्रक नसता. माझं नुकसान किती करून घ्यायचं ते मी ठरवणार होतो. ते ठरवायचा हक्क तू घेतलास, आणि तोही गप्प बसून. ही माझी तक्रार होती, आहे, आणि या अंकात छापून आल्यावरही राहणार.

हेच सांगायला मी गेल्या आठवड्यात तुझ्या घरी गेलो. तेराव्याला मी वहिनींशी धड बोललो नव्हतो. त्यांनी पोहे केले. मी सगळं सांगितलं, गाळा, लिमिट, फोन, रंगपंचमी. त्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तो मला रोज भाव विचारत होता. माणूस म्हणून एकदासुद्धा फोन केला नाही त्यानं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी केला होता की."

"कोणत्या रविवारी?"

"जायच्या आदल्या दिवशी. आंघोळ करून बसले आणि म्हणाले, बबनला फोन लावतो. मी म्हटलं, आज कसला बाजार? तर म्हणाले, बाजार नाही म्हणूनच लावतो."

मी विचारलं, "पुढे?"

"पुढे काय? उचलला नाही म्हणाले. लग्नघरात असेल, गडबड असेल. मग चहा घेतला."

"आणखी काही? काय बोलायचं होतं?"

"ते तुम्हाला सांगायचं होतं ना. मला कशाला सांगतील?" असं म्हणून त्यांनी माझ्या बशीत शेव घातली.

लग्नघरात माणसाला वार आठवत नाही, दिगू. मला तो रोजचा फोन वाटला. मांडववाल्यानं पंख्यांचे पैसे कमी केले, ते मी जिंकलो म्हणून दिवसभर सांगत फिरलो.

आता तूच सांग, एकदाच का वाजवलास? जी ऑर्डर साडेतीनला मरते ती दुसऱ्या दिवशी तू न चुकता उभी करायचास. मग हा फोन दुपारी पुन्हा का नाही लावलास? संध्याकाळी का नाही? मी धारमध्येच होतो. तुझ्या थोरल्या बंधूंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतो. निरोप धाडला असतास तरी आलो असतो. तिथेही एकदा बोललास आणि गप्प बसलास, समोरचा येईल म्हणून. आणि मी समोर होतो की.

गिअरचे शेअर मी विकलेले नाहीत. लिमिट ऑर्डर लावली आहे. रेणू म्हणते, दोनशे आठ लावा, थोडे थोडे जातील. मी दोनशे पंधरा लावतो. जात नाहीत. साडेतीनला रद्द होते, सकाळी मी नवी लावतो. भाव हलवत नाही. तुला हसू येईल, तर येऊ दे. रेणू म्हणाली की कितीतरी दिवस उभी राहणारी ऑर्डर एकदाच लावून टाकू, रोजची कटकट नको. मी तिच्यावर ओरडलो.

सोमवार ते शुक्रवार तसा निभावतो. ट्रक हटवतो, क्लीनरला बोलतो, मग फोन हातात घेतो. तू काय विचारशील ते मला ठाऊक असतं आणि माझं उत्तर तयार असतं. दोनशे पंधरा. तू नाक मुरडणार, मी ऐकणार नाही.

रविवारी त्याच वेळेला फोन समोर घेऊन बसतो. बायको पोळ्या झाकून ठेवते. त्या रविवारी तू काय विचारणार होतास ते मला माहीत नाही, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.